नमुन्याचा अंगठा

काचेवर टेकवलेला माणसाचा अंगठा कधीच स्थिर नसतो. माणसाने श्वास रोखला, मनगट घट्ट टेकवलं, तरी अंगठ्याचा काचेला लागलेला लांबट गोल नाडीच्या ठोक्याबरोबर किंचित पसरतो आणि किंचित आकसतो. डोळ्यांना ते दिसत नाही, काचेला कळतं. काकडीच्या चकतीचं तसं नाही. चकती ठेवली तशी पडून राहते.

हा फरक ओळखणं हे आम्रपालीचं काम होतं. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून ती चिखलीतल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती. खाली ग्रिल आणि गेट बनवणारं वर्कशॉप, वरच्या मजल्यावर ही कंपनी. वेल्डिंगचा वास दिवसभर जिन्याने वर यायचा. तिथे चाकणच्या एका प्रेस शॉपसाठी, म्हणजे साच्यात पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या कारखान्यासाठी, ॲप बनत होतं. प्रेसचा साचा बदलला की तो नीट बसलाय का हे बघायला वरचा जड ठोकळा, म्हणजे रॅम, अगदी सावकाश खाली आणावा लागतो. त्यासाठी प्रेसच्या बाजूला एक टॅब बसवला होता. टॅबवर दोन गोल. दोन्हींवर दोन अंगठे धरून ठेवले तरच रॅम खाली सरकणार, एक जरी उचलला तरी जागच्या जागी थांबणार. दोन्ही हात काचेवर असले की एकही हात साच्यात नसतो, इतकं साधं.

चाकणच्या मंडळींनी त्यावर लगेच तोड काढली. डब्यातली काकडी कापायची, एक चकती डाव्या गोलावर ठेवायची आणि मोकळ्या झालेल्या डाव्या हाताने साच्यातली पत्र्याची पट्टी सरळ करत राहायची. काचेला ओली काकडी अंगठ्यासारखीच वाटायची. काम पटपट उरकायचं. सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करायचा.

म्हणून नवं बटण हवं होतं, अंगठा कोणता आणि काकडी कोणती हे ओळखणारं. ते काम आम्रपालीने मागून घेतलं. तिच्या वडिलांची, कोंडीरामांची, डाव्या हाताची दोन बोटं पिंपरीतल्या एका प्रेसखाली गेली होती. तेव्हा टॅब नव्हते, लोखंडी बटणं होती. कोंडीरामांनी डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकली होती. स्वतःच.

जिवंत अंगठा कसा हलतो याचा नमुना घ्यायला ती चाकणला गेली, तेव्हा ज्योतीराम पुढे झाला. उदगीरकडचा माणूस, प्रेसवर ऑपरेटर. अंगाने दणकट, बोलायला मोकळा.

“आधारला अंगठा दिला, रेशनला दिला, सिमकार्डाला दिला,” तो म्हणाला. “आता तुमाला. ह्याच्यावर काय मिळतंय म्याडम, तांदूळ का साखर?”

“हात शाबूत राहील,” आम्रपाली म्हणाली.

“मग घ्या की. दोन्ही घ्या.”

त्याने दोन्ही अंगठे काचेवर ठेवले आणि फोटोला बसल्यासारखा समोर बघत राहिला. आकडे टॅबमध्ये उतरत गेले. त्याची नाडी संथ होती. मागे शेजारच्या प्रेसचे ठोके पडत होते आणि प्रत्येक ठोक्याला जमीन तळपायाला कळत होती. निघताना त्याने तिला कटिंग चहा पाजला.

आम्रपालीने बटणाचे दोन भाग केले. एक दिसणारा: गोल, रंग, भरत जाणारी कड. दुसरा न दिसणारा, निर्णय घेणारा. निर्णयाचा भाग तिने सोडवून बाजूला काढला, म्हणजे तो एकटा तपासता येईल. काच नको, टॅब नको, प्रेस नको. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर टेस्ट लावायची, तिच्यात एक खोटा ऑपरेटर उभा करायचा आणि त्याला ज्योतीरामचे अंगठे द्यायचे. मग त्याच्याकडून सगळं करवून घ्यायचं. अंगठे धर. मध्येच एक उचल. घामाने घसरव. दोन्ही धर आणि बराच वेळ धरून ठेव. प्रत्येक वेळी बटणाने काय करायला हवं ते आधी लिहून ठेवलेलं. तसं झालं तर हिरवी खूण, नाही झालं तर लाल. कुणी कोडमध्ये काही बदललं की सगळ्या टेस्ट आपोआप पुन्हा धावायच्या.

“भारी आहे हा माणूस,” तिच्या हाताखाली काम करणारा सनी म्हणायचा. “पगार नाही, सुट्टी नाही. दिवसभर अंगठे दाबतोय. मालकाला कळलं तर आपल्याला काढून ह्यालाच ठेवतील.”

मालक म्हणजे निरंजन. केबिनच्या दारात उभं राहून बोलायची त्याला सवय होती. “कळलंय मला,” तो म्हणाला. “तुझ्यापेक्षा तो वेळेवर येतो.”

पहिला बिघाड अगदी किरकोळ होता. नेहमी हिरवी होणारी एक टेस्ट लाल झाली. आम्रपालीने पाहिलं, तर खोट्या ऑपरेटरची नाडी फार जलद पडत होती. नमुना म्हणजे एकदा साठवलेले आकडे. दगडावर कोरल्यासारखे, ते बदलायचं कारण नाही. तिने मूळ आकडे उघडले. ते तेच होते. पुन्हा टेस्ट लावली. नाडी जलदच होती.

त्याच दुपारी दुसऱ्या कामासाठी चाकणला फोन केला, तेव्हा सुपरवायझर सहज म्हणाला, “आज प्रेस बंदच आहे मॅडम. ज्योतीराम तापाने फणफणलाय.”

तिने फोन ठेवला. योगायोग हा शब्द तिला आवडत नसे, पण दुसरा शब्द तिच्याकडे नव्हता. दोन-तीन दिवसांनी टेस्ट आपोआप हिरवी झाली. ज्योतीराम कामावर आला होता.

पुढच्या खेपेला ती चाकणला गेली तेव्हा त्याने चहाचा ग्लास डाव्या हाताने पुढे केला, तोही चार बोटांत धरून.

“हाताला काय झालं?”

“काय की म्याडम. अंगठे आपोआप दबायलेत. बसल्या जागी. बायको म्हणती, जेवताना बी ताट दाबायलाय.” तो हसला, पण तिच्याकडे न बघता. “मधीच हिसका बसतो. कुणी वडून काढल्यासारखा.”

त्याने तळवे पुढे केले. दोन्ही अंगठ्यांची पेरं चपटी झाली होती. रेषा पुसट, कातडी पांढुरकी, गुळगुळीत. रेशन दुकानातल्या मशीनने त्याचा अंगठा ओळखायचं सोडून दिलं होतं. तिने एका बोटाने त्याच्या अंगठ्याला स्पर्श केला. तो काचेसारखा गार लागला.

चिखलीला परत येताना तिने मनाशी एक प्रयोग ठरवला. शंका असली की एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि बघायचं.

तिने ज्योतीरामचा नमुना बाजूला काढला आणि त्याच्या जागी कॉम्प्युटरने बनवलेली नाडी घातली. आकड्यांत बघाल तर अगदी माणसाची. एकजात सगळ्या टेस्ट लाल झाल्या. बटण त्या नाडीला काकडी म्हणत होतं. तिने दहा तऱ्हांनी आकडे फिरवून पाहिले. काकडी. काकडी. काकडी.

“जिवंत माणूसच पाहिजे त्याला,” सनी पाव चावत म्हणाला. “लाडावलंय.”

मग तिने स्वतःचे अंगठे टॅबवर धरले, तो नमुना साठवला आणि टेस्टमध्ये घातला. सगळं हिरवं.

दुपारी ती डबा खायला बसली. भाकरीचा तुकडा मोडला आणि हात तोंडाशी येता येता थांबला. उजवा अंगठा भाकरीपासून सुटला आणि समोर, हवेत, टेकला. त्याला दुसरा शब्द नव्हता. त्याच्यापुढे काहीच नव्हतं, तरी त्याचं पेर सपाट झालं. मधोमध पांढरा लांबट गोल उमटला, कडेला रक्त साकळलं, नखाचा रंग उतरला. डब्याच्या झाकणावर डावा अंगठाही तसाच टेकला होता. मग उजव्याला हिसका बसला आणि तो मागे आला. क्षणभराने पुन्हा टेकला. घसरला. पुन्हा टेकला आणि तसाच राहिला, बराच वेळ.

हा क्रम तिला पाठ होता. तिनेच लिहिला होता.

“सनी,” तिने बाहेर हाक मारली, “आत्ता टेस्ट लावल्यास का?”

“हो ताई. का गं?”

“परत लाव.”

तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बघत बसली. धर. उचल. घसरव. धरून ठेव. त्या शेवटच्या धरून ठेवण्यात तिला थंडावा पेरातून मनगटाकडे चढताना कळला. पलीकडे काच होती. तिला ती दिसत नव्हती एवढंच.

तिने हात धुतले, जागेवर आली आणि आपला नमुना काढून ज्योतीरामचा परत बसवला. एका निरीक्षणाने काही सिद्ध होत नाही, असं ती स्वतःला म्हणाली. दोन निरीक्षणं होती, हे तिने मोजलं नाही.

“कोणाचा ठेवला?” सनीने विचारलं.

“पहिलाच.”

तिच्या अंगठ्याला पुन्हा काही झालं नाही. टेस्ट धावतच होत्या.

एक टेस्ट मात्र तिने नुसतं नाव देऊन रिकामी ठेवली होती. डाव्या गोलावर काकडी, उजव्यावर अंगठा, डावा हात साच्यात. रॅम थांबायला हवा. सगळं बटण ज्यासाठी बनवलं ती हीच टेस्ट. काकडी स्थिर असते, तोवर प्रश्न नव्हता. पण प्रेस शॉपची जमीन हलते. शेजारच्या प्रेसचा ठोका पडला की काचेवरची चकती थरथरते आणि ती थरथर संथ नाडीसारखी दिसते. अशा चकतीला बटण काय म्हणेल? कागदावर तिचं उत्तर बरोबर होतं. पण कागद कुठे हलतो?

निरंजन रोज दारात यायचा.

“आम्रपाली, काकडीपायी कंपनी बुडवणार का तू? लॉजिक बरोबर आहे ना?”

“हो.”

“शंभर टक्के?”

“हो.”

“मग टेस्ट लिहायला एवढी का घाबरतेस? तुझाच हात घालायचाय का त्यात?” तो स्वतःच्या विनोदावर हसला. सनीही हसला. “मंगळवारी चाकणला ट्रायल आहे. तोपर्यंत नसेल झाली तर टेस्ट उडवा आणि ॲप देऊन टाका. त्यांना टेस्ट दिसत नाहीत, बटण दिसतं.”

तेही खरं होतं. टेस्ट न करता ॲप गेलं असतं, तर तिथल्या प्रत्येक माणसाचा डावा हात त्या न तपासलेल्या बटणाच्या भरवशावर साच्यात गेला असता. काकडी रोजच डब्यात येत होती.

रविवारी सकाळी पिंपळे गुरवच्या घरात कोंडीराम शेंगा निवडत बसले होते. उरलेल्या बोटांनी ते काम सफाईने करत.

“झालं का तुझं बटण?”

“होत आलंय, पप्पा.” ती त्यांच्याजवळ बसली. तिने विचारलं, “तुमचा हात गेला, त्या दिवशी आधी काही जाणवलं होतं?”

“आधी म्हंजे?”

“प्रेस पडायच्या आधी.”

कोंडीरामांनी हातातली शेंग खाली ठेवली. हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“सकाळपासनं ही दोन बोटं गार पडली होती,” ते म्हणाले आणि दोन बोटं होती त्या जागेकडे बघितलं. “चपटी लागत होती. कुणी काचंखाली दाबून धरल्यावानी. मला वाटलं, थंडी हाय.” मग ते म्हणाले, “मे महिना होता.”

आम्रपालीने शेंगांनी भरलेलं सूप स्वतःकडे ओढलं आणि निवडू लागली.

मंगळवारी ती आणि निरंजन चाकणला पोचले, तेव्हा पहिली शिफ्ट रंगात आली होती. शेजारच्या प्रेसचे ठोके पडत होते. ज्योतीरामची प्रेस ट्रायलसाठी बंद ठेवली होती. मेन स्विच खाली, त्याला कुलूप, किल्ली सुपरवायझरच्या खिशात. रॅम वर टांगलेला. निरंजन ऑफिसात साहेब लोकांबरोबर बसला. जाता जाता तिला म्हणाला, “सनीला सांग, अर्ध्या तासात ॲप पाठव. टेस्टसकट नाहीतर टेस्टशिवाय. तू ठरव.”

ज्योतीराम साचा पुसत होता.

“या म्याडम. आज बटण बघायचं म्हणं आमचं.”

“अंगठा कसा आहे?”

“हाय तसाच. सवय झाली.” त्याने खांदे उडवले. “आज डावा पंजाच गार पडलाय सकाळधरनं. झोपताना आखडला असंल.”

आम्रपालीला वाटलं, आपण काही तरी बोलायला हवं. नेमकं तेव्हाच फोन वाजला.

“ताई, तुझ्या त्या रिकाम्या टेस्टमध्ये मी सगळं भरलं,” सनी म्हणाला. “काकडी, जमिनीची थरथर, डावा हात आत. सकाळपासून तेच करतोय. फक्त नमुना निवडायचा राहिलाय. ह्या टेस्टला वेगळा द्यावा लागतो. इथे दोन आहेत. तुझा आणि त्यांचा. तुझा घेऊ?”

तिने वर टांगलेल्या रॅमकडे बघितलं.

“ताई? तुझा घेतो. ताजा आहे.”

“थांब.”

लॉजिक बरोबर असेल, तर कुणालाच काही होणार नव्हतं. रॅम थांबेल, हिरवी खूण येईल, हात शाबूत राहील. शंभर टक्के, असं तिनेच सांगितलं होतं. मग नमुना कुणाचाही चालायला हवा.

पायाखाली जमीन हलली. टॅबजवळच्या ग्लासातल्या चहावर बारीक वर्तुळं उठली आणि विरली. पुन्हा उठली.

तिने मनातल्या मनात ती वर्तुळं मोजली. ती फार संथ होती. माणसाच्या नाडीसारखी.

“लावू नको म्हणालीस तर उडवून टाकतो,” सनी म्हणाला. “सर म्हणालेच आहेत तसं.”

“उडवायची नाही.”

“मग नाव सांग. मी बसलोय.”

प्रेस बंद होती. कुलूप जागेवर होतं. ज्योतीरामने चिंधी डाव्या हातात घेतली आणि साच्याच्या आतली कड पुसायला तो वाकला. त्याचा हात कोपरापर्यंत रॅमखाली गेला. उजवा हात त्याने सहज प्रेसच्या अंगाला टेकवला होता. त्या हाताचा अंगठा सपाट होत गेला.

“चहा घ्या म्याडम,” तो आतूनच म्हणाला. “गार व्हायलाय.”

आम्रपालीने तो सपाट अंगठा पाहिला. मग स्वतःचा डावा हात ओढणीखाली घेतला, मूठ आवळली आणि पोटाशी धरली.

मूठ गरम होती.

“ताई?”

“ज्योतीरामचा घे,” ती म्हणाली.